प्रेअरीच्या मोकळ्या मुलखातली सायकल: आपले अनुभव लिहा

कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, डकोटा किंवा कॅनडातले सस्कॅचेवान अशा प्रेअरीच्या, म्हणजे गवताळ मैदानांच्या मुलखात ज्यांनी डांबरी रस्त्यावरून सायकल चालवली आहे, त्यांनी आपले अनुभव इथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. या प्रदेशाबद्दल विचारले की ‘सपाट आहे, कंटाळवाणा आहे, रात्रीतून मोटारीने पार करून टाका’ एवढेच ऐकायला मिळते, आणि माझ्या मते हा त्या मुलखावर अन्याय आहे. सह्याद्रीतला घाट चढताना माथा कुठे आहे हे ठाऊक असते. प्रेअरीत चढ वाऱ्याचा असतो आणि त्याला माथा नसतो. त्या वाऱ्याशी आपण कसे जुळवून घेतले, हे विशेषकरून वाचायला आवडेल. सुरुवात मी करतो.

1976 साली सुरू झालेल्या ट्रान्सअमेरिका ट्रेल या सुमारे 6,800 किलोमीटरच्या सायकलमार्गापैकी पूर्व कोलोरॅडो आणि पश्चिम कॅन्ससचा तुकडा मी जून महिन्यात, पूर्वेकडे तोंड करून पार केला. वारे पश्चिमेचे, तेव्हा ते पाठीशी राहतील, असा माझा हिशेब होता. तो साफ चुकला, कारण उन्हाळ्यात या मैदानावर जमिनीलगतचा वारा बहुतेक दिवस दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येतो. ईड्सहून ट्रिब्यूनला जाणारा सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सरळ आहे आणि वाटेत सावली म्हणावी अशी जागा क्वचितच आहे. गाव येण्याआधी त्याचे धान्याचे एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवण्याचे उंच पांढरे मनोरे, क्षितिजावर दिसू लागतात. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी पाणी मोजणे सोडून दिले आणि गाव आलेच असे समजून बाटली रिकामी केली. प्रत्यक्षात गाव अजून पंधराएक किलोमीटर दूर होते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात माझा वेग ताशी बाराच्या वर जात नव्हता. तासभर तो मनोरा डोळ्यांसमोर तेवढाच राहिला. पुढे लिओटी, स्कॉट सिटी आणि डायटन ही गावे साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटरच्या अंतराने लागत गेली, आणि प्रत्येक वेळी मनोरा दिसल्यावर उरलेल्या पाण्याचे दोन भाग करून एक भाग गावाच्या वेशीपर्यंत राखून ठेवायचा, हा नियम मी पाळला. ट्रिब्यून आणि लिओटी यांच्या मध्ये घड्याळ एक तास पुढे जाते, हेही ध्यानात ठेवावे. दुपारचा तास असा अचानक हातातून गेला की मुक्कामाचे गणित बिघडते.

नेब्रास्काहून

वाऱ्याबद्दल धागाकर्त्यांनी लिहिलेले अगदी खरे आहे, पण त्याचे वेळापत्रक असते, हे मला दोन उन्हाळे वाया घालवल्यावर समजले. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरचा जोराचा वारा तिच्यात मिसळत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, की हवा घुसळली जाते आणि तोच वारा खाली उतरतो. म्हणून मी उजाडायच्या सुमारास निघतो आणि दहा-साडेदहापर्यंत दिवसाचा मोठा भाग उरकतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी साधा हिशेब करावा: ताशी वीसच्या समोरच्या वाऱ्यात आपण ताशी वीसच्या वेगाने जात असलो, तर अंगावर येणारी हवा ताशी चाळीसची असते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो शांत हवेपेक्षा चौपट होतो. अशा वेळी जिद्दीने पेडल मारण्यापेक्षा हलका गिअर टाकून वेगाचा आकडा पाहणेच बंद करावे.

पूर्व कोलोरॅडोच्या सीमेवरून

माझा अनुभव काट्यांचा आहे. दुपारी सायकल रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवून मी जेवायला बसले. परत निघाले तेव्हा शंभर पावलांतच दोन्ही टायर बसले. चाक फिरवून पाहिले, तर रबरात हिरवट-तपकिरी, टोकदार काटे रुतलेले, आणि ते पाहताच मी ओळखले: हे तर आपले सराटे. सोलापूरकडे लहानपणी अनवाणी पायांत मोडणारे तेच गोखरू हजारो मैलांवर, इथे ‘गोटहेड’ या नावाने उगवते. मूळचे ते जुन्या जगातलेच. पुढच्या टायरमधून पाच आणि मागच्यातून सात काटे मी केसांच्या चिमट्याने उपटले. खरी मेख पुढे आहे: काट्याचे मोडलेले टोक टायरच्या आत राहते, बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूब पुन्हा फोडते. बोट फिरवून शोधायला जाल तर बोट फाटेल. सुती फडके टायरच्या आतून फिरवावे, ते जिथे अडकते तिथे टोक असते. आता मी डांबर सोडताना सायकल उचलून खांद्यावर घेते.

फ्लिंट हिल्स, कॅन्सस

कॅन्सस सरसकट सपाट आहे, असे समजणाऱ्यांनी कौन्सिल ग्रोव्हहून कॅसोडेपर्यंत जाणारा 177 क्रमांकाचा रस्ता करावा. सुमारे 76 किलोमीटरचा हा रस्ता लांबलचक लाटांसारखा वरखाली होतो. उंच गवताच्या मूळ प्रेअरीपैकी आज चार टक्क्यांहून कमी शिल्लक आहे आणि त्यातला सर्वांत मोठा भाग इथे आहे. तो वाचला याचे कारण जमिनीत आहे: चुनखडीत गारगोटीचे इतके थर आहेत की नांगर चालला नाही, म्हणून शेती झाली नाही आणि गुरेच चरत राहिली. स्ट्राँग सिटीजवळ 1996 साली राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले, आणि 2009 पासून तिथे गवे, म्हणजे बायसन, पुन्हा चरू लागले.

मी दरवर्षी एप्रिलमध्ये जातो. त्या सुमारास शेतकरी गवत जाळतात. धुराच्या दिवशी सायकल घरीच ठेवावी, कारण छातीत धूर भरतो आणि मोटारवाल्याला आपण दिसत नाही. पण आठ-दहा दिवसांनी गेलात तर काळ्या टेकड्यांमधून बोटभर कोवळे हिरवे गवत वर आलेले दिसते, मधल्या पांढऱ्या दगडांची कडा अजून काजळलेली असते, आणि कुंपणाच्या प्रत्येक चौथ्या-पाचव्या खांबावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क गात असतो. चढावर दम लागलेला असतानाही मी त्यासाठी थांबतो, आणि इतरांनीही थांबावे असे मला मनापासून वाटते.

आयोवाहून

आयोवाही सपाट नाही, एवढे नमूद करते. 1973 पासून जुलैच्या अखेरीस होणाऱ्या रॅगब्राय या आठवडाभराच्या सफरीत मागचे चाक मिसूरी नदीत बुडवून निघायचे आणि पुढचे मिसिसिपीत बुडवून थांबायचे, असा रिवाज आहे. मधले सात दिवस मक्याच्या शेतांमधून चढउतारच असतात. मूळ प्रेअरी इथे हजारात एक भागही उरलेली नाही. मात्र काही रस्त्यांच्या कडेला देशी गवत आणि रानफुले मुद्दाम लावली आहेत, आणि ती सायकलवरूनच नीट पाहता येतात.

सस्कॅचेवानहून

वादळाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. रेजायना शहराच्या दक्षिणेला एक-दोन मैलांवर काटकोनात छेदणारे रस्ते आहेत आणि ढग फार लांबून दिसतो. मी तो दोन तास पाहत होतो आणि तो दुसऱ्या बाजूला जाईल अशी स्वतःची समजूत घालत होतो. मग गरम वारा एकाएकी थांबला आणि लगेच उलट्या दिशेने थंडगार झोत आला. तो झोत आला की निर्णयाची वेळ उलटून गेलेली असते. मी सायकल टाकून, तारेच्या कुंपणापासून दूर, खळग्यात उकिडवा बसलो; तारेतून वीज लांबवर वाहत जाते. गारा सुरू झाल्या तेव्हा एका शेतकऱ्याने पिकअप थांबवून मला आत घेतले आणि कोरड्या शेडपाशी सोडले. तेव्हापासून ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरू लागला की मी पुढचे गाव सोडून मागचे गाव गाठतो.

पुन्हा नेब्रास्काहून

समोरच्या वाऱ्याबद्दल इतके लिहून झाले, तर पाठच्या वाऱ्याचा एक दिवसही सांगतो. सँडहिल्समधला 2 क्रमांकाचा रस्ता, मलनहून थेडफर्डकडे. आदल्या रात्री थंडीची लाट येऊन गेली होती आणि वारा वायव्येचा झाला होता. माझा वेग आणि वाऱ्याचा वेग एक झाला, तेव्हा कानांतला नेहमीचा घोंगावणारा आवाज पूर्ण थांबला. साखळी फिरत होती ती ऐकू आली, कडेच्या गवतातले नाकतोडे ऐकू आले, शेजारच्या रुळांवरून येणारी कोळशाची मालगाडी दिसण्याआधी ऐकू आली. दोन्ही बाजूंना गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या होत्या आणि गवत माझ्याच दिशेने वाकलेले होते. थेडफर्डला पोचलो तेव्हा दोन बाटल्यांपैकी एक उघडलेलीही नव्हती.