टीवायबीए सायकॉलॉजी, पुढे काय?

तापीकाठची
मी चोपड्याची, टीवायला आहे, स्पेशल सायकॉलॉजी. घरी अण्णांचं एकच, बीएड कर नाहीतर तलाठी भरतीला बस, आणि मावशीला वाटतं मी तोंड बघून मनातलं ओळखते. मला काउन्सिलिंगमध्येच यायचंय. नुसत्या बीएवर जळगाव-धुळ्यात काही मिळतं का? आणि ते ऑनलाइन तीन महिन्यांचे काउन्सिलर डिप्लोमे दिसतात ते करू का?

धुळेकर_भाऊ
डिप्लोमात पैसे घालू नको ताई, भिंतीवर लावायच्या कामाचा तो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावायची तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला क्लिनिकलचा कोर्स आणि तिथली नोंदणी लागते, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यातही आरसीआयचीच अट आहे. त्या सीटा मोजक्या, एन्ट्रन्स वेगळी, म्हणजे बीएनंतर बरीच वर्षं धरूनच चाल.

सिव्हिलवाली
अण्णांना सांग बीएवर अगदीच काही नाही असं नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशकाच्या पोस्टला सायकॉलॉजीची पदवी चालते, जाहिरात कधी निघते त्यावर डोळा ठेवायचा. एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसीतही समुपदेशक असतात पण तिथे नुसत्या पदवीवर अनुभव मागतात, एमए किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) असलं तर सोपं. आणि हो, सगळं कंत्राटी, पगार उशिरा झाला की ओरडायचं कोणाकडे हेच कळत नाही. काम मात्र खरं आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह सांगितला की समोरचा औषधाचं नंतर विचारतो, आधी विचारतो "घरमा कोणले सांगशात का?", आणि तिथे तू अहिराणीत बोललीस तर तो खुर्चीत नीट टेकून बसतो आणि मग बोलायला लागतो. हे पुण्याहून आलेल्या पोरींना लवकर जमत नाही, भले त्यांची डिग्री मोठी असो.

भुसावळ_लोकल
एचआरचा विचार केला का? एमबीए किंवा एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची मास्टर्स) केलं तर एमआयडीसीत घेतात. फक्त फ्रॉइड विसर, हजेरी, पीएफ आणि कँटीनच्या तक्रारी एवढंच आहे सुरुवातीला. यूपीएससीला सायकॉलॉजी ऑप्शनल घेता येतो, पण त्यासाठी कोणी बीए करत नाही.

तापीकाठची
सिव्हिलवाली ताई, मग एमए जळगावला विद्यापीठात करू की बाहेर?

सिव्हिलवाली
टिसला म्हणजे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायची तयारी असेल तर सीयूईटी पीजी ही एमएची प्रवेश परीक्षा दे, टिस सोडून कुठेही गेलीस तरी अ‍ॅडमिशन घेण्याआधी तिथल्या एमएच्या पोरांना विचार, टेस्टचं किट हातात मिळतं का कपाटात कुलूप लावून ठेवतात, आणि प्रॅक्टिकलला खरी केस असते का मैत्रिणीलाच पेशंट करून जर्नल भरतात. टीवायचं स्टॅट्स मात्र आत्ताच पक्कं कर, एमएला तेच रडवतं. अण्णांच्या समाधानाला तलाठीचा फॉर्म भरून टाक, फीच जाते.