आमचं पोरगं म्हंजे विषयच नाही!

सकाळी रंकाळ्यावर बाकावरच्या दोन आजोबांचं बोलणं कानावर पडलं. एक म्हणाले, "आमचा जर्मनीत." दुसरे, "आमचा हितंच, पण फोन लागायला जर्मनीपेक्षा अवघड."

एकदम आमचे आबा आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जाहीर केलं होतं, "साहेबाची सही झाली तरी आमच्या पोराच्या शिक्क्याशिवाय कागद हालत नाही!" खरंच होतं. शिक्के मारायलाच ठेवलं होतं मला. तेव्हा लाजून मेलो. आता पोरगी पुण्यात, आणि मी सांगत सुटलोय की ती गेल्याशिवाय ऑफिस उघडत नाही. (किल्ली तिच्याकडं असते.)

येऊ द्यात तुमच्या पोरांच्या बढाया.

रस्सावहिनी: बंगळुरात मॅनेजर. एवढी माणसं सांभाळतोय म्हणून भिशीत सांगतो मी. काल रात्री फोन, "आई, भातात पाणी किती?" ते नाही सांगितलं भिशीत.

पेठकर: 2024 ला आपल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत कांस्य मारलं, त्या दिवशी आमची ही गल्लीभर, "नेम आमच्या पोराचापण तसलाच." ओला टॉवेल दारातनं फेकतोय, बरोबर माझ्या खुर्चीवर. 27 वर्षांचा घोडा.

रस्सावहिनी: 😂😂 खुर्ची हलवा की मग

शिरोलीची आई: 2019 चा पूर, हायवे आमच्यातच बंद. पाणी उतरल्या उतरल्या पोरगं पुण्यातनं हजर. मी शेजारणींसमोर डोळे पुसतोय, आईसाठी आलं म्हणून. दारातनंच विचारलं, "मटण आणलंय?"

जुना राजारामपुरीकर: आलं ना पण घरी. आमची दोघं कॅनडात. सांगायला भारी वाटतंय, ताटं दोनच लागतात.

रस्सावहिनी: काका, रविवारी काकूंना घेऊन या. तांबडा-पांढरा करतो. नाही म्हणायचं नाही.

ठाण्यातला पाव्हणा: दूध कट्टा अजून चालू आहे का हो?

पेठकर: म्हणजे काय! म्हस समोर, धार समोर, फेसासकट ग्लास हातात.

ठाण्यातला पाव्हणा: मिशीला फेस 😭 सुट्टी टाकतो आता

शिरोलीची आई: विषय पोरांचा हुता न्हवं?

पेठकर: पोरांना कुठलं पचतंय ते. ओट्सचं पितात.

धागाकर्ता: ओ, आमची पोरगी उभ्या उभ्या दोन ग्लास मारते. (दीड. पण कट्ट्यावर दोनच सांगतो.)