घाटवाटेवर वाट चुकली तेव्हा

सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला एकदा तरी चकवा लागतोच. कुठे चुकलात, कधी लक्षात आलं, कसे बाहेर पडलात, ते इथे लिहा. फोटो नसले तरी चालतील, पण वाटेच्या खुणा नीट सांगा. पुढच्या माणसाला त्याच कामी येतात.

सुरुवात मीच करतो. डिसेंबरात आम्ही चौघे मोहरी गावाहून बोराट्याच्या नाळेने, म्हणजे कड्यांमधल्या धोंड्यांनी भरलेल्या अरुंद घळीने, उतरत होतो. ही नाळ सरळ तळापर्यंत उतरायची नसते. अर्ध्यात ती सोडून कड्याला धरून आडवं लिंगाणा किल्ल्याच्या खिंडीकडे जावं लागतं. निघायलाच अकरा वाजले होते, त्यात मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरताना सगळं लक्ष पायाखाली. फाटा कधी मागे पडला ते कळलंच नाही. धोंडे संपले आणि पुढे नुसती हवा दिसली. आमच्यातल्या एकाने टाकलेला दगड आपटल्याचा आवाज येईपर्यंत कोणी बोललं नाही. गुपचूप वर चढलो. आडवी वाट सापडली तेव्हा लिंगाण्याची सावली दरीभर पसरली होती. पाने गावात विजेऱ्या लावून पोहोचलो.

ठाण्याहून:
आहुपे घाटात मला ढोरवाटांनी फसवलं. वाट इतकी मळलेली, की शंका यायचं कारणच नव्हतं. पण गुरं पाण्याला नाहीतर चाऱ्याला जातात, गावाला नाही. ओढा आला आणि वाटेच्या पाच वाटा झाल्या. तेव्हापासून वाटेवर शेणाबरोबर माणसाची काही खूण दिसते का ते बघतो : कोयत्याने तोडलेली फांदी, बिडीचं थोटूक, दगडावर ठेवलेला दगड.

कल्याणहून:
आमची गोष्ट भीमाशंकरची, जुलैतली. खांडसहून शिडी घाट नको म्हणून गणेश घाटाने चढलो. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात त्या पठारावर चहा घेतला. तिथल्या मावशी म्हणाल्या, "आता वर जाऊ नका बाई, ढग उतरलाय." आम्हाला देवळात मुक्काम करायचा होता. निघालो. वरच्या रानात धुकं असं, की पुढच्या मुलीची निळी सॅक चार हातांवर दिसेनाशी व्हायची. वाटेवरूनच पाणी वाहत होतं, त्यामुळे ओढा कुठला आणि वाट कुठली ते कळेना. दोन तास फिरून त्याच पडलेल्या झाडापाशी आलो. तेव्हा मी ठरवलं, आता बसायचं. पाचही जणी एका प्लॅस्टिकखाली पाठीला पाठ लावून बसलो. जळवा काढायचं नंतर नंतर सोडूनच दिलं.

रात्री केव्हातरी विजेरी विझवली आणि आमच्यातली एक ओरडली. त्या पडलेल्या झाडाची साल आणि खालचा पाचोळा हिरवट चमकत होता. कुजक्या लाकडावर वाढणारी ती बुरशी. ऐकून माहीत होतं, पण हाताच्या अंतरावर बघताना अंगावर काटा आला. एक काटकी उचलून मी तळहातावर ठेवली, तर बोटांच्या कडा पुसट दिसत होत्या. त्या उजेडाने वाट सापडली नाही, पण मुलींचं रडणं थांबलं.

सकाळी धुकं विरळ झालं आणि कुत्र्याच्या भुंकण्याच्या दिशेने खाली आलो. कालच्याच मावशी. रागावल्या नाहीत, चूल पेटवली आणि आमचे बूट तिच्याभोवती मांडले. त्यांचं ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

नाशिकहून:
१९८६ साली साल्हेरला गेलो. १५६७ मीटरचा हा गड, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. तेव्हा कातळावर रंगवलेले बाण नव्हते. साल्हेरवाडीतून चढलो, परशुरामाच्या मंदिरापाशी वाऱ्याने उभं राहू दिलं नाही, आणि उतरताना शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या खिंडीकडून भलत्याच बाजूला, वाघांब्यात. सामान साल्हेरवाडीत आणि आम्ही डोंगराच्या पलीकडे. वाघांब्यातल्या एका घराने नागलीची भाकरी, लसणाची चटणी आणि ओसरी दिली. पैसे पुढे केले तर त्या बाबांनी हात मागे घेतले.

डोंबिवलीहून:
हे वाट चुकण्याचं नाही, पण सांगायलाच हवं. चुकून आडवाटेला शिरलात तर कड्याकडे वर बघा. आग्या मोहोळ असेल तर आवाज नको, धूर नको, अत्तर-स्प्रे तर नकोच. आमच्या मित्राला साठच्या वर डंख होते. तो वाचला तो घोंगडी अंगावर टाकणाऱ्या गुराख्यामुळे.

भंडारदऱ्याच्या बाजूने:
मी शोधायला जाणाऱ्यांपैकी. आमच्या गावातून सांधण दरीला माणसं येतात. वर आभाळ मोकळं दिसतं म्हणून दरीत शिरतात. पण पाऊस लांब पठारावर पडला तरी पाणी दरीतच येतं, आणि तिथे बाजूला चढायला जागा नाही. मागे ऑक्टोबरात अवकाळी पाऊस आला तेव्हा मी आणि माझा चुलता दोर घेऊन गेलो. सहा पोरं एका मोठ्या धोंड्यावर बसलेली, खाली गढूळ पाणी. सगळी आली बाहेर. सांगणं एवढंच : निघताना गावात कुणाला तरी सांगून जा, किती जण आणि कुठून परत येणार. आम्हाला कळलंच नाही तर शोधायला निघणार कधी? आणि चुकलात तर एका जागी थांबा. चालत्या माणसाला शोधायला दुप्पट वेळ लागतो.

पुण्याहून:
मोबाइलवरच्या नकाशाबद्दल. कुणीतरी मार्चमध्ये नोंदवलेली वाट मी ऑगस्टमध्ये नाणेघाटाच्या शेजारच्या रानात वापरली. रेघ बरोबर होती, पण डोक्याएवढी वाढलेली कारवी आणि मधला ओढा त्या रेघेत नव्हता. परतलो.

आणखी एक, साताऱ्याहून:
जानेवारीत मोहरीहूनच उतरायचा बेत आहे, तिघं आहोत. बोराट्याच्या नाळेतला तो फाटा नेमका कसा ओळखायचा? कुणी येणार असेल तर बरं.

साताऱ्याच्या तिघांना, सुरुवात करणाऱ्याकडून:
मी येतो. लिहून कळण्यासारखा तो फाटा नाही, बोट दाखवूनच सांगावा लागेल. आदल्या रात्री मोहरीत मुक्कामाला या, वाटाड्याला मी सांगून ठेवतो. सातच्या आत गाव सोडायचं.