मदत हवी आहे: मामांच्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर ३+, सीपीएस १२. पुढे काय?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. मामा ५४ वर्षांचे, मावा कॉलेजपासूनचा. उजव्या गालाच्या आतला कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशन झालं. आता मानेत पुन्हा गाठ आलीय आणि ती काढता येण्यासारखी नाही म्हणतात.

गाठीच्या तुकड्याचा ब्लॉक तपासायला मुंबईला पाठवला होता. रिपोर्ट: ईजीएफआर ३+, पी१६ निगेटिव्ह, पीडी-एल१ सीपीएस १२. मावसभाऊ म्हणतो, ईजीएफआर एवढा पॉझिटिव्ह म्हणजे सेटुक्सिमॅब हे औषध लागू पडणारच. लॅबवाला आणखी जीन पॅनेल (एकदम बऱ्याच जीनची तपासणी) करा म्हणतोय. घरात शेतीचा तुकडा विकायची बोलणी सुरू आहेत. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:
भावा, शेतीला आत्ता हात लावू नका. मी पॅथॉलॉजीत आहे, ऑन्कोलॉजिस्ट नाही, तेवढं धरून वाचा.

ईजीएफआर म्हणजे पेशीवरचं, वाढीचा संदेश घेणारं प्रथिन. ते तोंडाच्या बहुतेक कॅन्सरच्या गाठींत वाढलेलंच असतं, त्यामुळे ३+ वरून सेटुक्सिमॅब कुणाला लागू पडेल हे ठरत नाही. मावसभावाच्या डोक्यात फुफ्फुसाचा कॅन्सर असणार. तिथे ईजीएफआरचं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, बघतात, ती गोष्टच वेगळी. पी१६ ही एचपीव्ही विषाणूची खूण, ती टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरला महत्त्वाची, गालाला नाही.

कामाचा आकडा सीपीएस, म्हणजे गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन किती दिसतं त्याचा स्कोअर. १ किंवा जास्त असेल तर पेंब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एकटंही देता येतं, २० किंवा जास्त असेल तर फायदा जास्त दिसतो. गाठ झपाट्याने वाढत असेल तर बरेचदा केमो जोडतात. पण पूर्ण डोस फार महाग. म्हणून हे विचाराच: टाटा मेमोरियलच्या २०२२ च्या अभ्यासात निवोलुमॅब हे तशाच प्रकारचं औषध फक्त २० मि.ग्रॅ., दर ३ आठवड्यांनी, मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिब-अर्लोटिनिबच्या गोळ्यांसोबत दिलं होतं. वर्षभरानंतर हयात असलेले सुमारे ४३ टक्के, नुसत्या गोळ्यांवर १६. मामांना हे चालेल का?

पॅनेलमध्ये टीपी५३, सीडीकेएन२ए असली जीनची नावं निघतील. त्यांच्यावर नेहमीच्या वापरातलं औषध नाही. एचआरएएस जीनमध्ये बदल निघाला तर टिपिफार्निब हे औषध आहे, पण तेही ट्रायलपुरतं. ट्रायलमध्ये जागा मिळत असेल तरच पैसे घाला.

आणि एक सांगा: रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं होतं का, आणि ते संपून किती महिने झाले? सहा महिन्यांच्या आत गाठ परतली असेल तर औषधांचा क्रम बदलतो. ओपीडीत जाताना ती तारीख आणि डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.