विनियर सपाट करताना चिरू नये म्हणून काय करता? अनुभव लिहा

विनियर म्हणजे प्लायवर चिकटवायची लाकडाची पातळ शीट. साध्या सागाची शीट सहसा सरळ येते. खरी कसोटी झाडाच्या गाठीतून काढलेल्या विनियरची. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, लाकडाच्या रेषा चहूकडे, म्हणून शीट पापडासारखी वळते आणि कोरडीच दाबली की काडकन चिरते. तुमची पद्धत सविस्तर लिहा, चीर मिटवण्याचीही.

रंधा
पाणी आधी, दाब नंतर. ४ कप पाण्यात १ कप ग्लिसरीन घालून दोन्ही बाजूंनी फवारतो. हातात घेतल्यावर शीट कुरकुर न करता लवली पाहिजे, तोवर क्लॅम्पला हात लावत नाही. मग कोऱ्या न्यूजप्रिंटच्या थरांत घालून दोन जाड प्लायमध्ये ठेवायची. छापील पेपर नको, शाई उतरते. क्लॅम्प थोडे आवळा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा थोडे. कागद पहिल्या दिवशी तीन-चारदा बदला, नंतर रोज. इथे कंटाळा केला तर बुरशी ठरलेली. आणि ओल्या सागाला उघडं लोखंड टेकू देऊ नका, काळा डाग पडतो.

सुताराची लेक
चीर बहुधा टोकाकडून येते, कारण टोकं आधी सुकतात. बाबा चिरेवर पॉलिशच्या बाजूने गोंदाची कागदी पट्टी लावायचे: आधी आडवे छोटे तुकडे, मग एक उभी. ओला कागद सुकताना आकसतो आणि फट ओढून मिटवतो. शीट प्लायवर चिकटली की पट्टी ओलसर करून अलगद खरवडायची. सेलोटेप नको, काढताना लाकडाचे तंतू उपटून येतात.

भवानी पेठ
फट मिटतच नसेल तर त्याच शीटच्या कडेचा, दोन्ही टोकांना निमुळता काप रेषा जुळवून बसवा. भुसा-फेविकोलची लुकण मला अजिबात पटत नाही. फेविकोल स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) शोषत नाही, मग पॉलिशखाली ती रेघ कायम दिसते.

रत्नागिरी
आमच्याकडे पावसाळ्यात कागद सुकता सुकत नाहीत. कोरडे कागद इस्त्रीने गरम करून घालते, फरक पडतो.

नवशिका
@रंधा, ग्लिसरीन वाढवलं तर शीट आणखी लवेल ना?

रंधा
लवेल, पण मग पॉलिश नीट धरत नाही. प्रमाण तेच ठेवा, हवं तर दुसऱ्यांदा फवारा. आणि सपाट झालेली शीट चिकटवेपर्यंत वजनाखालीच राहू द्या, उघडी ठेवली की पुन्हा वळते.