इतिहास-भूगोलाचे तास: तुमचे अनुभव लिहा

काल लेकीसाठी कोरे नकाशे आणायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. दुकानदाराने गठ्ठ्यातून भारताचे दहा काढून दिले आणि तो कागद हातात आला तशी मी थेट आठवीच्या वर्गात पोचले.

रात्री ती निळ्या पेन्सिलीने नद्या काढत होती. "आई, मुठा कुठे दाखवू?" एवढ्याशा नकाशात मुठेला कुठली जागा! आम्हाला ती बाईंनी दाखवली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर त्या आम्हाला संगमावर घेऊन गेल्या. "हे पाणी कुठल्या समुद्राला मिळणार?" आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, अरबी! कोकण जवळ ना. बाईंनी खाली बसून मातीत काडीने उभी रेघ ओढली. हा सह्याद्री. आपलं पाणी याच्या पूर्वेला पडलं, आता ते पलीकडे कसं जाईल? मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. जलविभाजक हा शब्द मला कधी पाठ करावाच लागला नाही.

तुम्हाला कुणी असं शिकवलंय का? लिहा ना.

शनिपार: 1761 पानिपत, 1961 पानशेत. बरोब्बर दोनशे वर्षं. ही खूण आजीची. 12 जुलैला धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेत राहायची. खालचं घर गेलं, पोटमाळ्यावरचा तांदळाचा पितळी डबा तेवढा राहिला. पेपरात पानिपतचं साल लिहिताना मला आधी तो डबा दिसायचा.

खडकीवाला: पर्जन्यछाया!! मावशी लोणावळ्याला. जुलैत तिच्याकडून लोकलने निघायचो तेव्हा धो धो, तळेगाव मागे पडलं की रिपरिप आणि शिवाजीनगरला उतरलो की रस्ता कोरडा. सरांनी फळ्यावर डोंगर काढला, ढग काढले, मी बाकावरून ओरडलोच, सर हे मी बघितलंय! पुण्यात वर्षाला 70-75 सेंमी, लोणावळ्यात त्याच्या पाचपटीहून जास्त.

अनुजा_पु: आमच्याकडे सर गाइडमधून उत्तरं सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. वर्षभर तेच. कारणे द्या, टीपा लिहा, संपलं. रोज बसने गणेशखिंड रस्त्यावरून जायचे. 22 जून 1897 ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या त्या याच रस्त्यावर, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. प्लेग, घराघरात घुसून झडत्या, लोकांचा संताप, सगळं पुस्तकात होतं. फक्त "हा तुमचा रस्ता" एवढं कुणी म्हणालं नाही.

रानजाई: नकाशे कितीला पडले? आणि ते दुकान रविवारी उघडं असतं का? उद्याच हवेत, पोराने आत्ता सांगितलं 😭

धागाकर्ती: @रानजाई मी शनिवारी गेले होते, रविवारचं नक्की माहीत नाही. माझ्याकडचे दोन-तीन देते, कुठे राहतेस?

बाबा_कोथरूड: मुलगा दहावीला आहे, भूगोलात भारत आणि ब्राझील. परवा रात्री नऊला जेवताना म्हणाला, बाबा, ब्राझीलियात आत्ता दुपारचे साडेबारा. साडेआठ तासांचा फरक त्याने रेखावृत्तांवरून स्वतः काढला होता. आम्ही दोघंही ताट बाजूला सारून पृथ्वीगोल घेऊन बसलो. आमटी गार झाली, पण काय मजा आली सांगू!

रानजाई: @धागाकर्ती कर्वेनगर. देव तुझं भलं करो ग. कुकर लावून फोन करते.

खडकीवाला: @अनुजा_पु ताई, चिंचवडला चाफेकर वाडा आहे, स्मारक आहे तिथे. मुलांना घेऊन नक्की जा.

अनुजा_पु: येत्या सुट्टीत नेतेच. जाताना गणेशखिंडवरूनच जाऊ, सांगत सांगत.

धागाकर्ती: @शनिपार आजींचा डबा आहे का अजून?

शनिपार: आहे की. झाकण चेपलंय एका बाजूने, नीट बसत नाही. आई त्यात पोहे ठेवते.