“गेलो होतो” म्हणजे “हॅड गॉन” नाही, मग पास्ट परफेक्ट नक्की कधी वापरायचा?

जिज्ञासू

पास्ट परफेक्टचं सूत्र पाठ आहे: हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. नियमही पाठ आहे: भूतकाळात दोन क्रिया असतील तर आधीची पास्ट परफेक्टमध्ये आणि नंतरची साध्या भूतकाळात. पण प्रत्यक्ष लिहिताना हा नियम पुरत नाही.

“मी काल बाजारात गेलो होतो” याचं “आय हॅड गॉन टु द मार्केट यस्टर्डे” हे इंग्रजी चूक आहे असं सांगतात. मराठीत तर हा सरळसरळ पूर्ण भूतकाळ आहे. मग इंग्रजीत “वेंट” कसं? दुसरी अडचण “आफ्टर” आणि “बिफोर”ची. काही पुस्तकांत त्यांच्यासोबत हॅड असतो, काहींत नसतो. “हॅड हॅड” असं दोनदा लिहिलेलंही दिसतं. ते बरोबर आहे की छपाईची चूक? कृपया उदाहरणांसह सांगावं.

वाक्यरचना

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीत हॅडचा जो सुळसुळाट दिसतो तो बहुतेक इथूनच येतो.

मराठीत “तो आला” आणि “तो आला होता” यांत काय फरक आहे? “तो आला” म्हटलं की बहुधा तो आत्ता इथे आहे. “तो आला होता” म्हटलं की तो येऊन गेला, आता इथे नाही. म्हणजे आपलं “होता” पुष्कळदा एवढंच सांगतं की ती गोष्ट घडून संपली आणि तिचा परिणाम आता उरलेला नाही. तिच्यानंतर दुसरी कुठली गोष्ट घडली का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

इंग्रजीत हे काम साधा भूतकाळ करतो. “तो काल आला होता” म्हणजे “ही केम यस्टर्डे”. “मी तुम्हाला सोमवारी मेल पाठवली होती” म्हणजे “आय सेंट यू अ मेल ऑन मंडे”. “तुला सांगितलं होतं ना!” म्हणजे “आय टोल्ड यू!” यातल्या एकाही वाक्यात हॅड नको. कार्यालयीन पत्रव्यवहारात “आय हॅड सेंट” हमखास दिसतं. तसं वाचलं की वाचणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो: पाठवली होती, मग कशाच्या आधी?

इंग्रजी पास्ट परफेक्टला भूतकाळातला एक ठरलेला क्षण लागतो. त्या क्षणी उभं राहून आणखी मागे पाहायचं असेल तरच हॅड येतो. “मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती”: इथे क्षण आहे पोचण्याचा, आणि गाडी त्याआधी सुटलेली. म्हणून “व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.” इथे मराठी आणि इंग्रजी जुळतात, आणि म्हणूनच बाकी ठिकाणीही जुळतील असं वाटून फसायला होतं.

हा क्षण त्याच वाक्यात असायला हवा असं नाही. “द रूम वॉज डार्क. समवन हॅड टेकन द बल्ब.” दुसऱ्या वाक्यात एकच क्रिया आहे, तरी हॅड योग्य आहे, कारण क्षण आधीच्या वाक्याने ठरवून दिला आहे.

खडूफळा

वर अर्थ आला, मी रूपाबद्दल लिहितो. चुका तिथेही कमी होत नाहीत.

हॅड सगळ्या कर्त्यांना तोच राहतो: आय हॅड, शी हॅड, दे हॅड. नकारात “हॅड नॉट” किंवा “हॅडन्ट”, प्रश्नात हॅड कर्त्याच्या आधी: “हॅड शी लेफ्ट?” उत्तर: “येस, शी हॅड.” इथे “डिड” येत नाही. “डिडन्ट हॅड फिनिश्ड” हे रूप इंग्रजीत नाहीच. “हॅडन्ट फिनिश्ड” लिहायचं.

खरी मेहनत तिसऱ्या रूपावर घ्यावी लागते. “हॅड वेंट”, “हॅड सॉ”, “हॅड डिड”, “हॅड एट” या चुका होतात कारण दुसरं रूप जिभेवर आधी येतं. पाठांतराला सगळी यादी एका दमात घेऊ नका, गट पाडा. ज्यांचं दुसरं आणि तिसरं रूप वेगळं आहे तीच क्रियापदं आधी घ्या: वेंट–गॉन, सॉ–सीन, डिड–डन, एट–ईटन, रोट–रिटन, टुक–टेकन, गेव्ह–गिव्हन, ब्रोक–ब्रोकन, स्पोक–स्पोकन, बिगॅन–बिगन, ड्रँक–ड्रंक. मग कम आणि रन: यांचं तिसरं रूप पहिल्यासारखंच, म्हणून “हॅड केम” चूक, “हॅड कम” बरोबर. कट, पुट, हिट बदलतच नाहीत. “रीड” लिहायला तिन्ही रूपांत सारखं, पण दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा उच्चार “रेड”.

“हॅड हॅड” ही छपाईची चूक नाही. पहिला हॅड काळ दाखवणारा साहाय्यक, दुसरा “हॅव” या मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप. “ही वॉजन्ट हंग्री बिकॉज ही हॅड हॅड लंच.” बोलताना पहिला आखडून “ही’ड हॅड लंच” होतो, त्यामुळे कानाला खटकत नाही.

या आखडलेल्या “’ड”ने आणखी एक पेच होतो, कारण तो हॅडचाही असतो आणि वुडचाही. पुढे तिसरं रूप असेल तर हॅड: “शी’ड गॉन”. पहिलं रूप असेल तर वुड: “शी’ड गो”. “ही’ड कम” किंवा “ही’ड पुट” असं आलं तर रूपावरून कळणार नाही, संदर्भच बघावा लागतो. अपवाद “यू’ड बेटर गो” याचा: तिथे पहिलं रूप असूनही तो हॅड आहे, आणि त्याचा पास्ट परफेक्टशी संबंध नाही.

मागचा_पुढचा

“आधीची क्रिया पास्ट परफेक्टमध्ये” हा शाळेतला नियम मला अपुरा वाटतो. तो दोन बाजूंनी कोसळतो.

एक, घटना जशा घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल तर हॅड लागतच नाही. “शी गॉट अप, हॅड अ बाथ अँड लेफ्ट.” तीन क्रिया एकामागून एक, तिन्ही साध्या भूतकाळात. (इथला हॅड हा हॅवचा साधा भूतकाळ आहे.) क्रम उलटा करून मागची गोष्ट नंतर सांगता तेव्हा हॅडची गरज पडते.

दोन, कधी कधी नंतरच्या क्रियेलाच हॅड लागतो. “ही लेफ्ट बिफोर आय हॅड फिनिश्ड स्पीकिंग.” तो आधी निघाला, माझं बोलणं त्यानंतर संपलं किंवा संपलंच नाही. शाळेतला नियम लावला तर हॅड “लेफ्ट”ला लागायला हवा होता. इथे हॅड क्रिया पूर्ण होण्यावर जोर देतो. “वी वेटेड अनटिल द रेन हॅड स्टॉप्ड” हेही तसंच.

आता आफ्टर-बिफोर. हे शब्द स्वतःच क्रम सांगतात, म्हणून हॅड ऐच्छिक. “आफ्टर ही फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट आउट” आणि “आफ्टर ही हॅड फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट आउट” दोन्ही बरोबर. पुस्तकांत फरक दिसतो तो यामुळेच.

“व्हेन” मात्र क्रम सांगत नाही, म्हणून तिथे हॅडवर अर्थ ठरतो. “व्हेन शी केम इन, ही लेफ्ट”: ती आली आणि तो निघाला, कदाचित तिला पाहूनच. “व्हेन शी केम इन, ही वॉज लीव्हिंग”: तो निघण्याच्या बेतात होता. “व्हेन शी केम इन, ही हॅड लेफ्ट”: भेट झालीच नाही. ही तीन वाक्यं मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. माझ्या मते पास्ट परफेक्ट समजायला याहून चांगला सराव नाही.

“बाय द टाइम”च्या मुख्य वाक्यात क्रिया असेल तर हॅड येतो: “बाय द टाइम वी गॉट देअर, दे हॅड सोल्ड ऑल द टिकिट्स.” पण नुसती स्थिती असेल तर साधा भूतकाळ चालतो: “बाय द टाइम वी गॉट देअर, इट वॉज डार्क.”

लिहून झाल्यावर प्रत्येक हॅड काढून तिथे साधा भूतकाळ घालून बघा. अर्थ बदलला नाही, तर हॅडची गरज नव्हती. लांबलचक पूर्वकथा सांगतानाही पहिल्या एक-दोन वाक्यांत हॅड घालून पुढे साध्या भूतकाळात उतरावं. ओळीला दोन हॅड असले की वाचणारा दमतो.

जिज्ञासू

खूप उलगडा झाला. ही पाच वाक्यं तपासाल का?

१. व्हेन आय रीच्ड होम, माय ब्रदर हॅड स्लेप्ट.
२. शी हॅड सॅट ऑन अ बेंच अँड वॉज रीडिंग.
३. ही सेड दॅट ही हॅज लॉस्ट हिज की.
४. इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कॉल्ड यू.
५. इट वॉज द फर्स्ट टाइम आय सॉ द सी.

वाक्यरचना

पहिली दोन वाक्यं एकाच कारणाने बिघडली आहेत. झोपणं, बसणं, घालणं, धरणं या क्रियापदांचं “-ला होता” रूप मराठीत चालू स्थिती दाखवतं. “भाऊ झोपला होता” म्हणजे तेव्हा तो झोपेत होता. “हॅड स्लेप्ट”ने झोप घेऊन झाली असा अर्थ निघतो. हवं आहे “माय ब्रदर वॉज अस्लीप”. झोपी गेल्याची क्रियाच सांगायची असेल तर “हॅड फॉलन अस्लीप”. तसंच “ती बाकावर बसली होती” म्हणजे “शी वॉज सिटिंग ऑन अ बेंच”, आणि “त्याने निळा शर्ट घातला होता” म्हणजे “ही वॉज वेअरिंग अ ब्लू शर्ट”. ही क्रियापदं वेगळी लिहून ठेवा, कारण व्याकरणाच्या पुस्तकात ती एकत्र क्वचितच सापडतात.

तिसऱ्यात “सेड” भूतकाळात आहे, म्हणून “हॅज लॉस्ट”चं “हॅड लॉस्ट” करा. त्याचे मूळ शब्द “आय लॉस्ट माय की” असे असते तरी “हॅड लॉस्ट” चाललं असतं. मूळ साधा भूतकाळ आणि प्रेझेंट परफेक्ट, दोन्ही तिथे येऊन मिळतात. चावी अजूनही सापडलेली नसेल तर बोलताना “हॅज” ऐकू येतो, पण परीक्षेत हॅडच लिहा.

चौथ्याचा घोळ मराठीतून येतो. “मला माहीत असतं तर फोन केला असता”: आपण दोन्हीकडे “असतं-असता” वापरतो, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे “वुड हॅव” येतं. इंग्रजीत इफच्या बाजूला पास्ट परफेक्ट आणि दुसऱ्या बाजूला वुड हॅव: “इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कॉल्ड यू.” इफ गाळून “हॅड आय नोन” असंही लिहितात, पण ते औपचारिक वाटतं. “आय विश आय हॅड नोन” याच कुळातलं. या तिन्ही ठिकाणी हॅड म्हणजे ती गोष्ट घडलीच नव्हती.

खडूफळा

पाचवं राहिलं. “इट वॉज द फर्स्ट टाइम”नंतर प्रमाण लेखनात हॅड घेतात: “इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड सीन द सी.” मराठीत “पहिल्यांदाच समुद्र पाहिला” एवढंच असल्याने तो सुटतो. “हार्डली”ने वाक्य सुरू झालं तर हॅड कर्त्याच्या आधी आणि पुढे “व्हेन”: “हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग.” “नो सूनर”ला मात्र “दॅन” लागतं. तिथे “व्हेन” घालणं ही परीक्षेतली नेहमीची चूक.

आणि किती वेळ चाललं होतं हे सांगायचं असेल तर “हॅड बीन”ला आयएनजी रूप जोडा: “इट हॅड बीन रेनिंग फॉर टू अवर्स व्हेन वी लेफ्ट.” नो, बिलीव्ह, ओन अशा स्थितिवाचक क्रियापदांना हे रूप चालत नाही. “हॅड बीन नोइंग” नाही, “आय हॅड नोन हिम फॉर टेन इयर्स व्हेन ही मूव्ह्ड अवे.”